परसबागेतील निशाचर वन्य प्राणी (पुणे)

पुण्याच्या उपनगरांत घरामागील बागेत, आवारात किंवा गच्चीवर अंधार पडल्यानंतर नेमाने येणाऱ्या वन्य प्राण्यांमध्ये उदमांजर, फलाहारी वटवाघळे, घूस, चिचुंद्री, पिंगळा आणि सापांच्या काही जाती प्रमुख आहेत. टेकड्यांना आणि सिंहगडाच्या बाजूला लागून असलेल्या वस्त्यांत त्यांच्या जोडीला साळिंदर व रानडुक्कर, तर क्वचित बिबट्याही आढळतो. हे प्राणी वाट चुकून आलेले असतात, असा सर्वसाधारण समज असला तरी त्यांपैकी बहुतेक त्याच परिसरात राहणारे असतात आणि बाग हा त्यांच्या रोजच्या फेरीतला एक थांबा असतो.

शहराची रचना या वावरास अनुकूल आहे. वेताळ टेकडी, तळजाई–पाचगाव पर्वती आणि बाणेर–पाषाणच्या टेकड्या वस्तीने वेढलेल्या असून राम नदी व आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहांच्या काठची झाडी प्राण्यांना आडोशाने ये-जा करू देते. एरंडवणे, डेक्कन जिमखाना, सहकारनगर अशा भागांतील बंगल्यांभोवती आंबा, चिकू, पेरू, जांभूळ यांची जुनी झाडे होती. पुनर्विकासात त्यांतील बरीच गेली, तरी उरलेल्या झाडांवर रात्रीची वर्दळ टिकून आहे.

या पाहुण्यांत सर्वांत मुरलेला शहरवासी म्हणजे उदमांजर (शास्त्रीय नाव पॅराडॉक्झुरस हर्मॅफ्रोडिटस). नावात मांजर असले तरी ते मार्जार कुळातले नव्हे. अंग राखाडी, पाठीवर गडद पट्टे, तोंडावर मुखवट्यासारखा काळसर रंग आणि शरीराच्या जवळजवळ लांबीची काळी शेपटी, अशी त्याची ओळख. दिवसा ते झाडाच्या ढोलीत, कौलांखाली किंवा माळ्यावर झोपते. पेठांतील जुन्या वाड्यांत छपरावर रात्री ऐकू येणारी धावपळ पुष्कळदा त्याचीच असते. पिकलेला चिकू, पपई, उंबर, भेरली माडाची फळे हे त्याचे आवडते खाद्य असले, तरी उंदीर, किडे, अंडी यांचेही त्याला वावडे नाही. ते एकटे हिंडते व आपली विष्ठा भिंतीची कड किंवा गच्चीचा कोपरा अशा उघड्या जागी, बहुधा पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, टाकते. तीत अख्ख्या बिया दिसतात आणि त्यांतून झाडांचा प्रसार होतो. गच्ची धुणाऱ्यास ही बाब कौतुकाची वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. ओल्या मातीतील ठशावरूनही त्याची खूण पटते: कुत्र्या-मांजराच्या ठशात चार बोटे उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच.

वटवाघळे आंबा, पेरू व देशी बदामाच्या झाडांवर येतात. फळातील रस शोषून चोथा खाली टाकतात, त्यामुळे सकाळी झाडाखाली चघळलेल्या गरांचा सडा पडलेला असतो. पिंगळा आणि गव्हाणी घुबड यांना अशुभ मानण्याची रूढी अजून पुरती गेलेली नाही. प्रत्यक्षात आवारातील उंदरांना आळा घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

जमिनीवरची साखळी कचऱ्यापासून सुरू होते. उघडा ओला कचरा आणि रात्रभर भरून ठेवलेली कुत्र्या-मांजरांची ताटली घुशींना बोलावते, घुशी कुंपणाच्या पायाशी बिळे करतात आणि त्या बिळांत साप शिरतात. निशाचर सापांत मण्यार सर्वांत विषारी. तिच्याशी गल्लत होणारा बिनविषारी कवड्या साप पालींच्या मागावर घरात येतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीजोडीने असलेले पट्टे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीपर्यंत ठळक राहतात. अंधारात मात्र हा भेद पारखण्याच्या फंदात न पडता सर्पमित्रास बोलावणे इष्ट.

साळिंदर कंद व मुळे उकरते आणि कधी गळलेले काटे मागे सोडते. ते काटे फेकून मारते ही समजूत निराधार आहे. बिबट्याला वस्तीजवळ आणणारे मुख्य भक्ष्य म्हणजे भटकी कुत्री व डुकरे. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत जमावच अधिक घातक ठरतो: ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात आलेला गवा लोकांच्या गर्दीत धावून दमला आणि पकडल्यानंतर दगावला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा प्राण्यांना परस्पर पकडणे, डांबून ठेवणे किंवा मारणे गुन्हा ठरू शकते; मदतीसाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. उदमांजर पकडून दूर सोडल्यास मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येण्याचा संभव असतो, म्हणून छपरातील फट बुजवणे व पडलेली फळे उचलणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. मात्र माळ्यावर पिल्ले असतील, तर ती मादीबरोबर बाहेर पडेपर्यंत फट बुजवू नये. आत कोंडली गेल्यास ती उपाशी मरतात.