चित्रपट आणि मनोविश्लेषण : अस्मिता व आघात

पात्राची व प्रेक्षकाची स्वप्रतिमा चित्रपटातून कशी घडते, मनावरचा आघात पडद्यावर कोणत्या रूपाने येतो, याचा मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड व फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ यांच्या विचारांच्या आधारे केलेला अभ्यास. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर येथे जन्मलेले नागराज मंजुळे यांचे चित्रपट या अभ्यासाला मराठीतील ठळक उदाहरणे पुरवतात.

अस्मितेच्या चर्चेचा पाया लाकाँची ‘आरसा अवस्था’, म्हणजे बालक आरशातील प्रतिमेला ‘मी’ समजू लागते तो टप्पा, हा मानला जातो. तिचा काळ व श्रेय मात्र वादग्रस्त आहे. लाकाँने ही कल्पना १९३६ मध्ये मारिएनबाडच्या परिषदेत मांडली, परंतु भाषण अर्ध्यावर थांबवले गेले. सध्या वाचला जातो तो मजकूर १९४९ च्या झुरिच येथील भाषणाचा. आरशापुढील बालकाचे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आंरी वालाँ याने १९३० च्या दशकाच्या आरंभीच नोंदवले होते. त्यामुळे निरीक्षण वालाँचे व त्याला ‘स्व’च्या भ्रमाचा अर्थ देणे लाकाँचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पडद्याच्या आरशात प्रेक्षकाला स्वतःचे शरीर मात्र दिसत नाही, हा फ्रेंच चित्रपट-सिद्धांतकार मेट्‌झचा मुद्दा यातूनच आला. पाहणारी नजर पुरुषाची असते, हे स्त्रीवादी चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५ मध्ये दाखवले.

आघाताबाबत फ्रॉइडचा १९२० चा ग्रंथ (‘बियाँड द प्लेझर प्रिन्सिपल’) महत्त्वाचा. पेलवला न गेलेला प्रसंग मनात पुन्हापुन्हा परततो, असे तो म्हणतो. ‘सैराट’च्या (२०१६) अखेरीस प्रेमी जोडप्याची हत्या दाखवलेली नाही, आवाजही काढून घेतला आहे. रक्तात पाय माखलेले त्यांचे मूल रडत बाहेर पडते. त्याला अर्थ न कळलेला हा प्रसंग अजय–अतुल यांच्या गाण्यांवर नाचलेल्या प्रेक्षकाच्या पदरात पडतो.

‘फँड्री’त (२०१३) डुकराचा पाठलाग ऐन भरात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. नायक जब्या व त्याचे कुटुंब जागीच ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. नागरिक म्हणून उभा राहिलेला हा मुलगा पुढच्याच क्षणी गावाच्या नजरेत पुन्हा कैकाड्याचा पोर होतो. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. अंधारात सुरक्षित बसलेला मेट्‌झचा प्रेक्षक इथे टिकत नाही. या दृश्यासाठी लाकाँपेक्षा वर्णभेदावर लिहिणारा मनोविकारतज्ज्ञ फ्रांट्‌झ फॅनन (‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’, १९५२) अधिक उपयोगी पडतो. इतरांची नजर माणसावर ओळख कशी लादते, हे त्याने चित्रपटगृहातील कृष्णवर्णीय प्रेक्षकाच्या अनुभवावरूनही सांगितले आहे. वर्ण व जात यांतील फरक मात्र ते विवेचन इकडे लावताना सांभाळावा लागतो.