समाजमाध्यम विपणन (बेळगाव सीमाभाग)

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसारख्या माध्यमांतून मालाची जाहिरात करणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि जमल्यास तिथेच व्यवहार जुळवणे याला समाजमाध्यम विपणन म्हणतात. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात त्याला एक जादा गाठ आहे. जाहिरात कोणत्या भाषेत करायची आणि राज्यसीमेच्या कोणत्या अंगापर्यंत न्यायची, हे इथल्या विक्रेत्याला आधी ठरवावे लागते. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले लोक पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी आहेत. खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहराच्या आसपास हे प्रमाण बरेच वाढते.

पूर्वी जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातला चौकोन, टॉकीजमधली स्लाइड किंवा रिक्षावरचा भोंगा. फेसबुकने 2007 मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने दिली, पण इथल्या बाजाराला त्यांचा उपयोग कळला तो 2016 नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. जानेवारी 2018 मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले. जून 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले. टिकटॉकवर बसलेला हात तिकडे वळला.

या माध्यमांवरची जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. मात्र बोली मोठी म्हणून जागा मिळतेच असे नाही. समोरचा माणूस जाहिरात उघडून पाहील का, तिचा दर्जा कसा आहे, याचाही हिशेब लागतो. म्हणून बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानदाराची थोडक्या पैशांत ‘बूस्ट’ केलेली, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांपुढे नेलेली, साडीची रील एखाद्या बड्या कंपनीच्या गुळगुळीत चित्रफितीच्या आधी दिसू शकते.

सीमाभागाचे वेगळेपण दिसते ते जाहिरातीचा प्रदेश निवडताना. मोठ्या कंपन्या बहुधा राज्यवार आखणी करतात. कर्नाटक निवडले की कन्नड जाहिरात, महाराष्ट्र निवडला की मराठी. भाषा निवडण्याची सोय आहे, पण ती मुख्यतः फोन वा ॲपच्या भाषेवर चालते, आणि इथल्या बऱ्याच मराठी माणसांचा फोन इंग्रजीत असतो. परिणामी बेळगावच्या टिळकवाडीतल्या मराठी घरात कन्नड जाहिरात येते, आणि तिथून फारशा दूर नसलेल्या, महाराष्ट्रातल्या चंदगडमध्ये त्याच साबणाची मराठी. छोटा दुकानदार मात्र राज्य निवडत नाही, दुकानाभोवती वर्तुळ आखतो. पन्नास किलोमीटरच्या वर्तुळात खानापूर येते आणि सीमेपलीकडचे चंदगडही. लग्नाचा बस्ता बांधायला चंदगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बेळगावलाच येत आली आहेत. दुकानदाराला हे सांगायला कोणी सल्लागार लागला नाही.

गावाच्या नावाचाही घोळ आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण मराठी गिऱ्हाईक शोधताना बेळगावच लिहिते. त्यामुळे हुशार विक्रेता हॅशटॅगमध्ये दोन्ही नावे टाकतो, रोमन लिपीतली जुनी-नवी स्पेलिंगेही जोडतो. रस्त्यावरची पाटी कायद्याच्या चौकटीत असते: 2024 च्या राज्य कायद्याप्रमाणे तिच्यावर 60 टक्के कन्नड हवे. व्हॉट्सॲप स्टेटसला असे मोजमाप नाही. तिथे एकाच साडीखाली मराठीत किंमत आणि कन्नडमध्ये ‘नमस्कारा’ सुखाने नांदतात. रीलमध्ये तर प्रमाण मराठीपेक्षा ‘काय करूलालास’ (काय करतो आहेस) ही इथली बोली जास्त चालते. ऐकणाऱ्याला लगेच कळते, माणूस आपला आहे.

प्रत्यक्ष विक्रीचे मोठे साधन व्हॉट्सॲपच. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावे बसतात, आणि ज्याने विक्रेत्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करा हं’ असा आग्रह होतो. कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठाया, तसेच शहापूर-वडगावच्या साड्या यांची मागणी बाहेरगावी गेलेल्या सीमावासीयांकडूनही येते. कुंद्याच्या व्यवहारात फोटोपेक्षा तो किती दिवस टिकेल हाच प्रश्न आधी विचारला जातो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) गणित निराळे. तिचे गिऱ्हाईक कारखाना असतो, रील पाहून कोणी ओतकामाची ऑर्डर देत नाही. तिथे लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखींचे माध्यम आणि यंत्रावर काम चालू असतानाची साधी चित्रफीत उपयोगी पडते. निपाणीच्या तंबाखूला तर ही दारे बंदच आहेत, कारण 2003 च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला मनाई केली आहे.

समाजमाध्यमांचा जोर किती, हे जून 2025 मध्ये दिसले. प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली: कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्यांत बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडचा कारागीर चप्पल आपल्या गावात शिवतो, पण शोधणारा ‘कोल्हापुरी’ असेच टाइप करतो. गावाचे नाव लावावे तर माल सापडत नाही, कोल्हापूरचे लावावे तर गाव सापडत नाही.

नियमही आता आले आहेत. पैसे वा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिण्याचा दंडक जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये घातला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये त्याविषयी मार्गदर्शिका काढली. हॉटेलात फुकट ताट जेवून ‘नक्की भेट द्या’ म्हणणाऱ्या गल्लीतल्या इन्फ्लुएन्सरलाही हे लागू आहे, जरी त्याला ते ठाऊक असतेच असे नाही.

पुढचा बदल दोन बाजूंनी येतो आहे. व्हॉट्सॲपने जून 2025 मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती आणण्याचे जाहीर केले. म्हणजे आजवर जे फुकट होते तिथेही लिलाव पोहोचतो. दुसरी बाजू कृत्रिम बुद्धिमत्तेची. एकदा बोललेली रील यंत्राने दुसऱ्या भाषेत उतरवणे सर्रास झाले, की कन्नड की मराठी हा खर्चाचा प्रश्न बराचसा सुटेल. मग राज्यवार आखणी करणाऱ्या कंपन्यांनाही बेळगावसाठी मराठी जाहिरात काढणे परवडेल. पण यंत्राची मराठी सध्या तरी पुस्तकी असते. ‘करूलालास’ अजून तिच्या तोंडी बसलेले नाही, आणि तोवर खडेबाजारातल्या विक्रेत्याचा सकाळचा स्टेटस त्याचा त्यालाच बोलून टाकावा लागतो.