मरे सिंक्लेअर : कुलपतिपदामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

4 नोव्हेंबर 2024 रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये मरे सिंक्लेअर गेले. प्रांताच्या विधानभवनाबाहेर मूलनिवासी परंपरेप्रमाणे पवित्र अग्नी पेटवला गेला. अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातले सिंक्लेअर वकील होते, न्यायाधीश होते, सिनेटर होते आणि 2021 ते 2024 या काळात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाचे कुलपतीही होते. त्या पदाचे मोल कळायला बरेच मागे जावे लागते.

कॅनडात मूलनिवासींना कायद्याने 'इंडियन' म्हटले जाई; त्यांच्यासाठी केलेल्या 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये एक कलम होते. मूलनिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली किंवा तो वकील झाला, की कायद्याच्या लेखी तो 'इंडियन' उरत नसे. शिकायचे तर आपल्या माणसांतून नाव कमी करून घ्यायचे, असा तो सौदा. ही सक्ती 1880 मध्ये सैल झाली. पण 1927 मध्ये नवे बंधन आले: जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे जमवणेच गुन्हा ठरले. ते बंधन 1951 मध्ये हटले. सिंक्लेअर यांचा जन्म त्याच वर्षीचा.

आई त्यांच्या तान्हेपणीच वारली; आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. 1979 मध्ये मॅनिटोबा विद्यापीठातून ते कायद्याचे पदवीधर झाले आणि 1988 मध्ये त्या प्रांतातले पहिले मूलनिवासी न्यायाधीश. न्यायव्यवस्था मूलनिवासींशी कशी वागते, याच्या प्रांतिक चौकशीचे काम त्याच वर्षी त्यांच्याकडे आले.

देशभर त्यांचे नाव झाले ते मात्र निवासी शाळांच्या प्रकरणात. सरकारी पैशावर चर्चने चालवलेल्या या शाळांत सुमारे 1,50,000 मूलनिवासी मुले घरापासून तोडून नेली गेली. आपली भाषा बोलली की मार. चार हजारांहून अधिक मुले परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या 1990 च्या दशकात, म्हणजे हे फार जुने नाही. या शाळांचे सत्य नोंदवणारा 'सत्य आणि सलोखा आयोग' सरकारने उदार होऊन नेमला, असे कुणी समजू नये. शाळांतून वाचलेल्यांनी कोर्टात दावे लावले, त्यातून झालेल्या तडजोडीने तो मिळवला. आयोगाचा पहिला प्रयत्न 2008 मध्ये त्याच्या अध्यक्षांच्या राजीनाम्याने कोलमडला. 2009 मध्ये सूत्रे सिंक्लेअर यांच्याकडे आली. विल्टन लिटलचाइल्ड आणि मेरी विल्सन या सहआयुक्तांसह त्यांनी सहा वर्षे गावोगाव फिरून सहा हजारांहून अधिक जबान्या ऐकल्या. 2015 च्या अहवालाने या साऱ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले आणि 94 मागण्या पुढे ठेवल्या. शिक्षणानेच हे घडवले, आता शिक्षणानेच ते निस्तरायला हवे, असे सिंक्लेअर सांगत.

विद्यापीठांचा संबंध इथे येतो. त्या शाळांचे शिक्षक आणि धर्मोपदेशक विद्यापीठांतच शिकून बाहेर पडले होते. मॅनिटोबा विद्यापीठाने 2011 मध्ये आयोगापुढे त्याबद्दल माफी मागितली. मला ही माफी फार मोलाची वाटते, कारण शाळा आम्ही चालवल्या नाहीत, असे म्हणून हात झटकणे त्यांना सहज शक्य होते. क्वीन्समधला प्रश्न इमारतीच्या नावाचा होता. तिथल्या विधी विद्याशाखेच्या इमारतीला पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांचे नाव होते. हे किंग्स्टनचेच. मूल आईबापांजवळ राहिले तर लिहावाचायला शिकूनही 'रानटी'च राहील, असे त्यांनी 1883 मध्ये संसदेत सांगितले होते. ऑक्टोबर 2020 मध्ये ते नाव काढायचे ठरले आणि पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठाचे कुलपतिपद सिंक्लेअर यांच्याकडे आले.

कॅनडात शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या कानावर समारंभाच्या सुरुवातीला 'ही भूमी अमुक जमातींची' हे निवेदन हमखास पडते. आयोगानंतर ही प्रथा सर्वत्र पसरली. पण सिंक्लेअर यांच्या मागण्या एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निवासी शाळांचा इतिहास, मूलनिवासींशी झालेले करार आणि मूलनिवासींचे कायदे सक्तीने शिकवा, असे 28 वी मागणी म्हणते.

आयोगाची कागदपत्रे आज मॅनिटोबा विद्यापीठातल्या राष्ट्रीय केंद्रात आहेत. लाखो दस्तऐवज, छायाचित्रे, ध्वनिमुद्रित जबान्या. भरपाईच्या दाव्यांमधल्या खासगी जबान्यांचे मात्र वेगळे आहे. 2017 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सांगणाऱ्याने स्वतः संमती दिली तरच त्या जतन होतील. बाकीच्या 2027 मध्ये नष्ट केल्या जातील.