ब्रेक्झिट आणि ‘डब्ल्यूटीओच्या नियमांनी व्यापार’ : एका घोषणेची पार्श्वभूमी

युरोपीय संघातून बाहेर पडताना (म्हणजे ब्रेक्झिट) संघाशी करार झाला नाही तरी बिघडत नाही, डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, नियमांनी व्यापार करू, ही घोषणा ब्रिटनमध्ये २०१६च्या सार्वमतानंतर चार वर्षे घुमत राहिली. वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा, असे पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७मध्ये जाहीर केले, तेव्हापासून तिला अधिकृत वजन आले. करार फिसकटला तर हे नियम हाताशी तयारच आहेत, असा लोकांचा समज झाला. तो किती अपुरा होता, हे या नियमांच्या इतिहासातच दिसते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात देशोदेशींनी आयातशुल्काच्या भिंती उंच करत नेल्या आणि जगाचा व्यापार आटला. त्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर १९४७मध्ये जिनिव्हात २३ देशांनी ‘गॅट’ या आयातशुल्क आणि व्यापाराच्या सर्वसाधारण करारावर सह्या केल्या. त्यात ब्रिटन होता, नुकताच स्वतंत्र झालेला भारतही होता. मूळ तत्त्व सोपे : शुल्कात एकाला सवलत दिली की ती सर्व सदस्यांना द्यायची, आणि कोणत्या मालावर जास्तीत जास्त किती शुल्क घेणार याची यादी आधीच नोंदवायची. मोठा अपवाद कलम २४चा. दोन किंवा अधिक देशांनी आपसातला जवळजवळ सगळा व्यापार शुल्कमुक्त केला, तर ती सवलत इतरांना द्यावी लागत नाही. युरोपची सामायिक बाजारपेठ याच अपवादावर उभी आहे. १९९५मध्ये डब्ल्यूटीओ आली, तिनेही हीच चौकट पुढे चालवली.

ब्रिटन १९७३मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याची शुल्कयादी युरोपच्या यादीत विरघळली. डब्ल्यूटीओचे सदस्यत्व स्वतःचे, यादी मात्र सामायिक. त्यामुळे बाहेर पडताना ‘मूळ नियमां’वर येण्यासाठीही वाटाघाटी करणे भाग होते.

न्यूझीलंडच्या मेंढीच्या मांसाचे प्रकरण इथे पाहण्यासारखे आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे मांस आणि लोणी ब्रिटनच्या ताटात जात असे. ब्रिटन युरोपात गेल्यावर न्यूझीलंडचे हक्काचे गिऱ्हाईक शुल्काच्या भिंतीआड गेले, म्हणून त्याला खास सोयी मिळाल्या. मांसाचा कोटा पुढे सुमारे २ लाख २८ हजार टनांवर स्थिरावला. तेवढा माल शुल्काविना येई. ब्रेक्झिटनंतर तो निम्मा-निम्मा वाटून घेऊ, असे लंडन आणि ब्रसेल्सने (म्हणजे युरोपीय संघाने) परस्पर ठरवले. त्यावर २०१७मध्ये न्यूझीलंड, अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, कॅनडा, थायलंड आणि उरुग्वे यांनी मिळून हरकत घेतली. त्यांचे म्हणणे रास्त होते : आजवर मागणी असेल तिकडे माल वळवता येत होता, ती मोकळीक वाटणीत जाणार होती.

शुल्काचा मारही हलका नव्हता. मोटारींवर युरोपचे शुल्क १० टक्के. ‘जग्वार लँड रोव्हर’ २००८पासून टाटा मोटर्सची, म्हणून ही चिंता मुंबईपर्यंत पोहोचली. करार नीट झाला नाही तर वर्षाला १२० कोटी पौंडांचा फटका बसेल, असे कंपनीने २०१८मध्ये सांगितले. वेल्समधल्या मेंढपाळांचे तर निर्यातीचे जवळजवळ सगळे गिऱ्हाईकच युरोपात होते.

आणि शुल्क हा सगळा प्रश्न नव्हेच. हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगावे लागत नाही. युरोपशी मुक्त व्यापार करार नसताना त्याने वर्षानुवर्षे तिथे माल पाठवला आहे. २०१०मध्ये ‘लिहोसीन’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, तेव्हा शुल्काचा दर कोणी विचारत नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल, बागेची नोंदणी, बंदरावरची तपासणी यांवर पैसे मिळणार की बुडणार हे ठरत होते. उलट ब्रिटनमधल्या डोव्हरच्या बंदरातून युरोपकडे ट्रक न थांबता जात, कारण दोन्ही काठांवर नियम एकच होते.

घोषणेचे समर्थक अमेरिकेचे उदाहरण देत : तिचा युरोपशी मुक्त व्यापार करार कुठे आहे? नाही हे खरे. पण यंत्रसामग्रीच्या चाचण्या परस्परांनी मान्य करण्यापासून अनेक छोटे करार दोघांत आहेत. २०१९मध्ये कलम २४चा आधार घेऊन वाटाघाटींच्या काळात शुल्क शून्य ठेवू, असा दावा पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांनीही केला. त्या कलमाला दोन्ही बाजूंची संमती आणि पुढच्या कराराचा आराखडा लागतो. करार मोडल्यावर ते कामाचे नाही. आयर्लंडच्या सीमेवर, म्हणजे ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड यांच्यामध्ये, तर पेच आणखी अवघड : तिथून येणारा माल करारावाचून शुल्काविना सोडला, तर तीच सवलत साऱ्या जगाला द्यावी लागेल, असा आक्षेप होता. त्यात डिसेंबर २०१९मध्ये डब्ल्यूटीओचे, व्यापारी तंट्यांचा अंतिम निवाडा करणारे, अपील मंडळच ठप्प झाले, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या होत्या.

अखेर २४ डिसेंबर २०२० रोजी, जुने नियम चालू ठेवण्याचा संक्रमणकाळ संपायला आठवडा उरला असताना, करार झाला. शुल्क शून्य, कोटाही नाही. पण फक्त ब्रिटन किंवा युरोपात पुरेसा घडलेल्या मालाला. बाकीच्या मालाला आजही मूळ दर लागू होतात. विजेच्या मोटारींच्या बॅटरीसाठीची कडक अट २०२४पासून लागू होणार होती. ती २०२६अखेरपर्यंत पुढे ढकलली गेली. त्यानंतर अटीत न बसणाऱ्या गाडीवर तेच १० टक्के. टाटा समूह इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात बॅटरीचा कारखाना उभारतो आहे, त्यामागचे हेही एक कारण आहे.