संघर्षग्रस्त देशांतला मदत-समन्वय आणि ‘पुनर्वसन’ या शब्दाचा गुंता

मराठवाड्यात पुनर्वसन म्हणजे हललेलं गाव. जायकवाडी धरणाच्या नाथसागरात बुडालेल्या गावांचं पुनर्वसन झालं, ते दुसरीकडे वसवून. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचं झालं, तेही तसंच. ‘आम्ही पुनर्वसनात राहतो’ असं कुणी म्हटलं, तर नव्या जागेवरच्या रांगेतल्या घरात राहतो एवढाच त्याचा अर्थ. सीरिया, येमेन किंवा दक्षिण सुदानमधल्या मदतीविषयी मराठीत लिहिलं जातं, तेव्हा मात्र या एका शब्दात चार वेगवेगळी कामं कोंबली जातात: बंद पडलेलं पाणी, वीज, दवाखाना परत चालू करणं, मोडलेलं घर डागडुजी करून राहण्याजोगं करणं, पडलेली वस्ती नव्याने बांधणं, आणि परागंदा झालेल्यांना परत आणून वसवणं. या चारही कामांचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो आणि परवानगी देणारेही वेगळे असतात. सीरियातला मोठा वाद या कामांमधल्या रेषांवरूनच झाला.

संघर्षातली मदत मराठवाड्याला परकी नाही. १९४७-४८ मध्ये निजामी हद्दीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी सोलापूर-बार्शीकडच्या सरहद्दीवर आसरा घेतला, आणि मुक्तिलढ्याची सशस्त्र केंद्रंही त्याच सरहद्दीवर होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांना हिंसेची मोठी झळ बसली. त्यावरचा चौकशी अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. निर्वासित आणि लढणारा एकाच पट्ट्यात असले, तर मदत नेमकी कुणाच्या हाती पडते, हा प्रश्न तेव्हाही होता. जगाला तो १९९४ मध्ये पूर्व काँगोतल्या गोमा शहराजवळ भेडसावला.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९ डिसेंबर १९९१ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ हा ठराव केला होता. उत्तर इराकमधून पळालेल्या कुर्दांच्या वेळी मदतसंस्थांची उडालेली धांदल त्याच्या मागे होती. आजच्या यंत्रणेचा पाया म्हणजे हा ठराव: सगळ्या संस्थांसाठी एक समन्वयक, त्यांच्या प्रमुखांची कायमची समिती, तातडीच्या खर्चासाठी ५ कोटी डॉलरचा फिरता निधी, आणि देणगीदारांपुढे एकत्र मागणी. मदत बाधित देशाच्या संमतीने द्यावी, असंही त्यात आहे. सरकार स्वतःच लढाईतला एक पक्ष असेल तर ही संमती कशी मागायची, याचं उत्तर ठरावात नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्या जागेतून निघाला.

गोमा परिसरात जुलै १९९४ मध्ये काही दिवसांत लाखो रवांडन निर्वासित येऊन थडकले. जमीन लाव्हाच्या खडकाची, खणता येईना. पटकी पसरली आणि पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसं दगावली. रवांडात वंशसंहार करून आलेले सशस्त्र लोक त्याच छावण्यांत होते आणि धान्याच्या याद्या त्यांच्याच हातात गेल्या. यातून किमान मानकं आली: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, दिवसाला २,१०० किलोकॅलरी अन्न. देताना पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. आपल्या ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर टाकून ओटी टेस्ट करतात, ती याच मापासाठी. हे आकडे पाळायचे आहेत, पण ते वरची मर्यादा नव्हेत. कंत्राटदार १५ लिटर हे लक्ष्य समजून तिथेच थांबतात, आणि टंचाईत आपल्याकडचे टँकर ज्या २० लिटरच्या हिशेबाने लागतात, तेवढंही पाणी तिथे पोचत नाही.

२००४ मध्ये सुदानमधल्या डार्फरमध्ये समन्वयाचा परत तोच घोळ: एकाच कामावर अनेक संस्था, छावणीच्या व्यवस्थापनाला मात्र कुणी धड पुढे येईना. २००५ च्या आढावा अहवालानंतर क्लस्टर पद्धत ठरली. पोषण, आरोग्य, पाणी-स्वच्छता, निवारा, छावणी व्यवस्थापन, संरक्षण, वाहतूक, दूरसंचार आणि ‘लवकर सावरणं’ असे नऊ विषय, प्रत्येकाला एक जबाबदार संस्था. अन्नसुरक्षा आणि शिक्षण यांच्यासह पुढे अकरा. पहिला प्रयोग ऑक्टोबर २००५ मधल्या पाकिस्तानातल्या भूकंपात झाला. २००६ पासून युगांडा, काँगो, लायबेरिया, सोमालिया या संघर्षाच्या देशांत ती आली. त्याच वर्षी तातडीचा निधी ५० कोटी डॉलरचं लक्ष्य ठेवून नव्याने सुरू झाला. कुणीच पुढे आलं नाही तर काम शेवटी त्या जबाबदार संस्थेने करायचं, अशी अट घातली गेली. मात्र पोचायला वाट, सुरक्षा आणि पैसा ही तिन्ही असतील तरच. संघर्षात या तिन्हींपैकी एकतरी नसतंच, म्हणून ही अट कागदावर जेवढी कडक दिसते तेवढी जमिनीवर नाही.

प्रत्यक्ष समन्वय एका तक्त्यावर उभा असतो: कोण, काय, कुठे. प्रत्येक संस्था ठरावीक मुदतीत तो भरून देते. चुका होतात त्या ‘कुठे’च्या रकान्यात. नुसतं पिंपळगाव लिहिलं तर आपल्याकडे तहसीलदार विचारेल, कुठलं, बुद्रुक की खुर्द, आणि कुठल्या तालुक्यातलं. अरबी नावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. त्यामुळे एकच गाव चार ओळींत येतं आणि शेजारचं गाव यादीतून गळतं. यावर उपाय म्हणून प्रत्येक गावाला ठरलेला सांकेतिक क्रमांक देतात आणि तक्त्यात नावाआधी तो भरतात. दुसरी चूक मोजणीतली. एकाच कुटुंबाला अन्न, ताडपत्री आणि साबण दिला की तीन संस्थांच्या अहवालांत ते तीनदा लाभार्थी ठरतं. म्हणून बेरीज करायची नसते. त्या गावातल्या सगळ्यांत मोठ्या क्लस्टरचा आकडा घ्यायचा, नाहीतर गरजवंतांपेक्षा लाभार्थी जास्त दिसतात आणि पुढच्या वर्षी पैसा कापला जातो.

लढाईच्या भागात आणखी एक पायरी असते. दवाखाना, गोदाम किंवा मदतीच्या ट्रकांचा रस्ता यांचं नेमकं ठिकाण लढणाऱ्या पक्षांना आधी कळवायचं, म्हणजे तिथे मारा होऊ नये. ही नोंद ऐच्छिक असते आणि ती संरक्षणाची हमी नाही. सीरियात ठिकाण कळवलेल्या दवाखान्यांवरही हल्ले झाले, तेव्हा डॉक्टरांनी ठिकाणं द्यावीत की नाहीत यावर उघड मतभेद झाले. या लेखाचं मत डॉक्टरांच्या बाजूचं आहे: ज्याच्या जिवावर बेततं, निर्णय त्यालाच घेऊ द्यावा.

आता नवव्या विषयाकडे, ‘लवकर सावरण्या’कडे. वाहतूक म्हणजे काय आणि निवारा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सावरणं मात्र प्रत्येक विषयात आहे. दवाखाना सावरला की ते आरोग्य, विहीर सावरली की ते पाणी. मग या क्लस्टरच्या वाट्याला काय? तर मलबा उचलणं, रोजगार, स्थानिक पालिकांना उभं करणं. पुढे ठरलं की सावरणं ही सगळ्याच क्लस्टरांची जबाबदारी, आणि वेगळा क्लस्टर फक्त कुणी न घेतलेल्या कामांपुरता. त्यामुळे वर्षाच्या मागणीपत्रात त्याची ओळ कायम खालच्या बाजूला राहिली. तातडीचा पैसा देणारे म्हणत, हे विकासाचं काम. विकासाचा पैसा देणारे म्हणत, लढाई संपू द्या.

सीरियात या गुंत्याला राजकारणाची गाठ बसली. २०१७ पासून पाश्चात्त्य देणगीदारांची भूमिका पक्की होती: राजकीय स्थित्यंतराशिवाय पुनर्बांधणीला पैसा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आत फिरलेल्या एका कागदातही तेच तत्त्व होतं. पुढच्या वर्षी तो बाहेर आला आणि रशियाने त्याला जाहीर आक्षेप घेतला. पैसा अडवणाऱ्यांकडे निव्वळ हट्ट होता असं म्हणता येत नाही. २०१८ च्या सीरियन कायदा क्रमांक १० नुसार पुनर्विकासाचा पट्टा जाहीर झाला की मालकाने ३० दिवसांत हक्क सिद्ध करायचा होता; ओरड झाल्यावर ही मुदत एक वर्षाची झाली. तुर्कस्तान-लेबनॉनच्या छावण्यांतल्या माणसाकडे कागद कुठला? त्याच्या घराच्या जागी इमारत उभी राहिली, तर पुनर्बांधणीचा पैसा हिसकावलेल्या मालकीवर शिक्का मारून मोकळा होणार.

ही भीती किल्लारीच्या परिसरात लवकर समजेल. तिथे स्थलांतरित गावांत घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं: भूमिहीन ते एक हेक्टर २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं, ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असतं. पडलेलं घर केवढं होतं हे न पाहता शेत केवढं आहे हे पाहिलं, की माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मोठं घर गमावलेला भूमिहीन सगळ्यांत लहान घराचा धनी होतो. जी गावं हलवली नाहीत तिथे वेगळी रीत होती. सुमारे १.९ लाख घरांची डागडुजी आणि मजबुती घरमालकांनीच टप्प्याटप्प्याने मिळालेल्या मदतीतून केली, आणि त्यासाठी गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या. माळवदावरचा मातीचा जाड थर कमी करणं, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालणं, वरून पट्टा फिरवणं, एवढ्या कामाने घरही टिकतं आणि जागाही आपली राहते. आपल्याकडच्या अनुभवातलं हे दुसरं काम अधिक मोलाचं होतं, पण ‘पुनर्वसन’ हा शब्द पहिल्याला मिळाला.

सीरियात नेमकं हेच दुसरं काम अडकून पडलं. डागडुजी चालेल, बांधणी नाही, असा नियम झाला. शाळेच्या खिडक्या, दारं, पत्रे, संडास, टाकी चालतील. पडलेला मजला नाही. दवाखान्याची वायरिंग चालेल, नवी इमारत नाही. अभियंत्याला पाहणीच्या तक्त्यात तडा भार पेलणाऱ्या भिंतीत आहे की मधल्या भिंतीत, एवढ्यावर मंजुरी ठरवावी लागे. जुलै २०२१ च्या २५८५ या ठरावात सुरक्षा परिषदेने पाणी, स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, निवारा या क्षेत्रांतल्या सावरण्याच्या कामांचं नाव घेऊन स्वागत केलं. जुलै २०२२ च्या २६४२ मध्ये त्या यादीत वीज आली, तीही मूलभूत सेवा परत सुरू करण्यापुरती. पाण्याला मान्यता मिळाल्यावर विजेसाठी एक वर्ष गेलं, आणि विजेशिवाय पंप कसा चालणार हे नळावरच्या कोणत्याही माणसाला विचारता आलं असतं.

ईशान्य सीरियातलं अलूक पाणीकेंद्र हे याचं ढळढळीत उदाहरण. हसके शहर आणि आसपासच्या सुमारे ४,६०,००० लोकांचं पाणी तिथून येई. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र तुर्कस्तान आणि त्याच्या मित्रगटांच्या ताब्यात गेलं, पण त्याला वीज येई ती कुर्द प्रशासनाच्या बाजूने. एका बाजूने वीज तोडली की दुसरी बाजू पाणी तोडे, आणि दुरुस्तीच्या पथकाला जायला प्रत्येक वेळी दोघांची हो लागे. मधल्या काळात टँकर. १०,००० लोकांना १५ लिटरप्रमाणे रोज दीड लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या १५ खेपा. ४,६०,००० लोकांना त्याच हिशेबाने ६९० खेपा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीने सुमारे पाच लाख लिटर आणले होते. हसकेला किमान मानकासाठी तशा जवळपास चौदा गाड्या रोज लागल्या असत्या. टँकरचा खर्च तातडीच्या निधीतून विनाप्रश्न निघतो. वीजवाहिनी आणि दुसरा जलस्रोत यांचा खर्च ‘सावरण्या’च्या ओळीत जातो आणि तिथे अडतो. वर्षानुवर्षं टँकर चालत राहण्याचं कारण हे आहे, आणि हिशेब मांडून पाहणाऱ्याला त्याची चीड यावी.

सीमेपलीकडून मदतीचा मार्गही असाच आकसत गेला. जुलै २०१४ च्या २१६५ ठरावाने सरकारच्या संमतीशिवाय चार नाक्यांतून ट्रक नेता येऊ लागले. जानेवारी २०२० मध्ये दोनच नाके उरले, जुलैमध्ये एक, बाब अल-हवा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर त्या वाटेने संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा ९ तारखेला गेला. मलब्याखालच्या माणसासाठी तीन दिवस म्हणजे वेळ निघून जाणं. आणखी दोन नाके उघडायला सरकारने १३ तारखेला संमती दिली. जुलै २०२३ मध्ये मुदतवाढ नाकाराधिकारात अडली आणि त्यानंतर मदत सरकारच्या परवानगीवरच आली. १९९१ च्या ठरावातला संमतीचा प्रश्न ३२ वर्षांनी तिथेच परतला.

८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कसमधली सत्ता बदलली आणि पुनर्बांधणीवरची मूळ हरकत गळून पडली. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये सर्वांत मोठ्या देणगीदार देशाने, अमेरिकेने, परदेशी मदत ९० दिवस थांबवली. त्यानंतर संस्थांनी याद्या पुन्हा लावायला घेतल्या: जीव वाचवणारं काम आधी, बाकी नंतर. परतणारी कुटुंबं मात्र आल्या दिवशी जे विचारतात, ते त्या ‘बाकी’च्या यादीत आहे: घरात सुरुंग आहे का, नळाला पाणी कधी येतं, आणि घर आपल्या नावावर आहे याचा कागद कोण देणार.