डॅशहुंड : अंगावरील रंग व पैदाशीतील धोके

डॅशहुंड ही मूळची जर्मन, आखूड पायांची व लांब पाठीची लहान श्वानजात. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी व ‘हुंट’ म्हणजे कुत्रा. खुद्द जर्मनीत मात्र हे नाव फारसे चालत नाही; घरगुती बोलण्यात ‘डाकेल’ व शिकाऱ्यांत ‘टेकेल’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या प्रमाणकांत (क्र. 148) हिचा स्वतंत्र गट (गट 4) असून त्यात ही एकच जात आहे. आकाराचे तीन प्रकार उंचीवरून नव्हे, तर छातीच्या घेरावरून ठरवतात. मूळ कल्पना अशी, की कुत्रा कोणत्या बिळात मावेल हे घेरच सांगतो. ब्रिटन व अमेरिकेत मात्र वजन धरतात व सु. 5 किग्रॅ.पर्यंतच्या कुत्र्यास ‘मिनिएचर’ म्हणतात.

उत्पत्ती : प्राचीन ईजिप्तमधील शिल्पांत आखूड पायांचे कुत्रे दिसतात व त्यांपैकी एकाजवळील अक्षरे ‘टेकेल’शी जुळतात, असे एक मत पूर्वी मांडले जाई. केवळ उच्चारसाम्यावर उभे असलेले हे मत आता मागे पडले आहे. जातीचा माग 18 व्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन शिकारविषयक ग्रंथांपर्यंत बऱ्यापैकी खात्रीने नेता येतो. त्याआधीचे उल्लेख याच जातीचे की कोणत्याही बिळात घुसणाऱ्या कुत्र्याचे, हे ठरवणे अवघड आहे. 1888 मध्ये जर्मन टेकेल क्लब स्थापन झाला. आखूड पायांस कारणीभूत असलेली एफजीएफ4 या जनुकाची जादा प्रत (गुणसूत्र 18) 2009 मध्ये ओळखली गेली. बॅसेट, कॉर्गी, डॅशहुंड अशा अनेक जातींत ती एकाच घटनेतून आल्याचे दिसते. म्हणजे आखूड पाय जातींहून जुने आहेत. ईजिप्तच्या शिल्पातला कुत्रा डॅशहुंडचा पूर्वज न ठरताही आखूड पायांचा असू शकतो. वाद मिटवण्यास एवढे पुरेसे वाटते.

रंगांची नावे व त्यांतील घोळ : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात मराठी घरांची जुनी ओळख शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या कारवानी कुत्र्याशी आहे. लांब पायांच्या त्या शिकारी जातीपुढे डॅशहुंड हा शहरी पाहुणा. त्यामुळे त्याच्या रंगांना मराठीत रुळलेली नावे नाहीत. ‘कबरा’ हा शब्द ठिपक्यांच्या, पांढऱ्या चट्ट्यांच्या आणि राखी डागांच्या कुत्र्यांना सरसकट लावला जातो. हे तीन वेगळे गुण आहेत आणि धोका त्यांपैकी एकाच्याच जोडणीत मोठा आहे.

खरा गोंधळ ‘टायगर’ या शब्दाने होतो. जर्मन भाषेत ‘टिगर-टेकेल’ म्हणजे पट्टेरी कुत्रा नव्हे. तो डाग पडलेला, इंग्रजीतला ‘डॅपल’. जुन्या जर्मन वापरात ठिपक्यांच्या घोड्यांनाही हाच शब्द आहे. पट्टेरी कुत्र्यास तिकडे ‘गेश्ट्रोम्ट’ असा वेगळा शब्द आहे. मराठी माणसास यात नवल वाटू नये. आपल्या खेड्यांत बिबट्याही ‘वाघ’च असतो, आणि खऱ्या वाघास मुद्दाम ‘पट्टेरी’ म्हणावे लागते. पण कुत्र्याच्या बाबतीत ‘वाघ्या’ म्हटले, की पट्टेच डोळ्यांपुढे येतात. कन्नडमधील ‘हुली’नेही तेच होते. परिणामी परदेशी वंशावळीतील ‘टायगर’ दोन्ही भाषांत ‘पट्टेरी’ असा उतरण्याचा धोका राहतो. पट्टेरी (ब्रिंडल) हा गुण निरुपद्रवी आहे. डॅपल तसा नाही. म्हणून या नोंदीत डॅपल हाच शब्द ठेवला आहे. पांढऱ्यावर मोठे रंगीत चट्टे असलेल्यास घोड्यांच्या परिभाषेतील ‘अबलख’ व पट्ट्यांच्या कुत्र्यास ‘पट्टेरी’ म्हटले आहे.

डॅपलची आनुवंशिकता : इतर जातींत यालाच ‘मर्ल’ म्हणतात. 2006 मध्ये याचे कारण सापडले. पीएमईएल या जनुकात एक लहान फिरता डीएनए-तुकडा घुसलेला असतो. हे जनुक रंगपेशीतील ज्या तंतूंचे प्रथिन बनवते, त्यांवर काळे रंगद्रव्य साठते. तंतू बिघडले की काळा रंग जागोजागी विरळ होतो. तांबड्या रंगद्रव्यावर परिणाम नसतो. म्हणून काळ्या-तांबड्या कुत्र्यात काळ्याच्या जागी राखी डाग पडतात, पण भुवयांवरील तांबडे ठिपके तसेच राहतात. घुसलेल्या तुकड्याच्या शेपटीची लांबी महत्त्वाची असते. शेपटी लांब (सु. 90 ते 100 डीएनए-घटक) असली की डाग स्पष्ट दिसतात, ती 65 पेक्षा आखूड असली तर कुत्रा साध्या रंगाचा दिसतो. नंतरच्या अभ्यासांत या दोहोंमधल्या पायऱ्याही आढळल्या आहेत.

एकाच पालकाकडून हा गुण आला तर पिलू डॅपल होते. डॅपल व साध्या रंगाच्या जोडीत सरासरी निम्मी पिले तशी होतात. दोन्ही पालक डॅपल असतील, तर सरासरी चौथा हिस्सा पिलांत दोन मात्रा (प्रत्येक पालकाकडून एकेक प्रत) येतात. यांना ‘दुहेरी डॅपल’ म्हणतात. अंगावर पुष्कळ पांढरे, डोळे घारे किंवा निळे, दिसायला अतिशय आकर्षक, आणि विक्रीस महाग. यांतच लहान राहिलेले डोळे, बुबुळातील खाच, काही वेळा पूर्ण अंधत्व व बहिरेपणा आढळतो. बहिरेपणाचे कारण कानाच्या आत आहे. आंतरकर्णातील रंगपेशी तेथील द्रवाचा क्षारसमतोल राखतात. त्या नसल्या तर ध्वनिग्राही पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. त्यामुळे श्रवणाची विद्युत् चाचणी साधारण सहाव्या आठवड्यापासून विश्वासार्ह ठरते. टाळी वाजवून पाहणे ही चाचणी नव्हे. एका कानाने बहिरे पिलू टाळीला वळतेच.

एका मात्रेचा डॅपल कितपत निर्धोक, यावर मतभेद आहे. जर्मनीत 1970 च्या दशकात डॅशहुंडांवरच झालेल्या तपासणीत एक मात्रा असलेल्यांपैकी 36·8 टक्के व दोन मात्रा असलेल्यांपैकी 54·6 टक्के कुत्र्यांत कमी-अधिक श्रवणदोष नोंदला गेला. अमेरिकेत 2009 मध्ये अनेक जातींच्या 153 मर्ल कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक मात्रा असलेल्यांपैकी 2·7 टक्के एका व 0·9 टक्के दोन्ही कानांनी बहिरे होते. दोन मात्रांत हे प्रमाण अनुक्रमे 10 व 15 टक्के होते. जुन्या अभ्यासात सौम्य श्रवणदोषही धरलेला असल्याने आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत. दुसऱ्या अभ्यासात जनुकीय चाचणीने मात्रा ठरवलेली असल्याने त्याकडे कल देणे रास्त होय. डॅपल × डॅपल जोड लावू नये, याविषयी मात्र दोन्ही बाजूंत दुमत नाही. ब्रिटिश केनेल क्लब अशा जोडीच्या पिलांची नोंदणी करीत नाही.

अडचण दडलेल्या डॅपलची आहे. निव्वळ तांबड्या वा मलईरंगी कुत्र्यात काळे रंगद्रव्यच नसल्याने डाग दिसत नाहीत. काहींत जन्मतः दिसलेले डाग वाढत्या वयात पुसट होतात. असा ‘साधा’ तांबडा नर डॅपल मादीवर घातला, की नकळत दुहेरी डॅपल जन्मतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकीय चाचणी करणे हाच यावर उपाय.

इतर रंग : अबलख कुत्र्यातील पांढरे एमआयटीएफ या वेगळ्या जनुकाचे, आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ते अमान्य आहे, अमेरिकेत चालते. अबलख व दुहेरी डॅपल नुसत्या नजरेने ओळखण्यात चूक होते. निळसर व फिकट तपकिरी (इसाबेला) रंग ‘दुर्मीळ’ म्हणून खपवले जातात. त्यांत केस विरळ होऊन कातडी उघडी पडण्याचा विकार आढळतो.

केसांचे प्रकार तीन : आखूड, लांब व राठ. लांब केसांचा गुण अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्याने दोन आखूड केसांच्या पालकांस लांब केसांची पिले होऊ शकतात. एवढ्यावरून मादीच्या शीलाची चौकशी करण्याचे कारण नाही. मिनिएचर राठ केसांच्या कुत्र्यांत लॅफोरा हा अपस्मारी रोग व मिनिएचर लांब केसांच्या कुत्र्यांत दृष्टिपटलाचा ऱ्हास आढळतो. दोहोंसाठी जनुकीय चाचण्या आहेत.

पाठीचा कणा : रंगाची इतकी चर्चा असली, तरी जातीचा मोठा आजार रंगात नाही. एफजीएफ4 ची आणखी एक प्रत गुणसूत्र 12 वर असते (शोध 2017). तिच्यामुळे मणक्यांमधील चकत्या कोवळ्या वयातच कडक होतात व पुढे, बहुधा 3 ते 7 वर्षांच्या दरम्यान, निसटून मज्जारज्जूवर दाब आणतात. सु. 19 ते 24 टक्के डॅशहुंडांस आयुष्यात केव्हातरी हा त्रास होतो. मागचे पाय ओढू लागल्यावर ‘लकवा मारला’ म्हणून तेल चोळत बसण्यात मोलाचे तास जातात. बोटाला जोरात चिमटा घेऊनही वेदना कळेनाशी झाली, की बरे होण्याची शक्यता खूप घटते. जातीत ही प्रत जवळजवळ सर्वत्र असल्याने जनुकीय चाचणीने जोड निवडता येत नाही. स्कँडिनेव्हियन देशांत त्याऐवजी 2 ते 4 वर्षे वयात क्ष-किरण चित्र काढून कडक झालेल्या चकत्या मोजतात व कमी संख्येचे कुत्रे पैदाशीस ठेवतात.

भारतातील 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार 18 महिन्यांखालील मादी पैदाशीस वापरता येत नाही, वर्षात एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि 8 आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. नियम विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांना लागतात; गल्लीतील संकर त्याबाहेरच राहतो. आखूड पाय एका मात्रेनेही उतरतात, त्यामुळे गावठी कुत्रीच्या वेतात बुटकी पिले निघाली तर बाप कोण ते शेजाऱ्यांस कळते. गुणसूत्र 12 वरील प्रतही एकाच मात्रेत चकत्यांचा धोका वाढवते. म्हणून अशा पिलास, ते ‘गावठी’ ठरले तरी, जिन्यावरून उड्या मारू देऊ नयेत.