सिंकखालचा प्लाय: एम.आर. वेगळा, ७१० वेगळा

"मिस्त्री म्हणाले, वॉटरप्रूफ आहे." सांगलीत कुणाकडे किचनचं काम निघालं की हे वाक्य कानावर येतंच. मग दोन पावसाळे जातात आणि सिंकखालचं दार लागेनासं होतं. विश्रामबागेत आमच्या घरी तेच झालं. तळाची फळी पुरीसारखी फुगली, पापुद्रे सुटले, आणि ट्रॉल्या काढून ते सगळं पुन्हा करावं लागलं. बिलावर फक्त 'वॉटरप्रूफ प्लाय' एवढंच लिहिलेलं होतं. ग्रेड नाही, नंबर नाही.

कमर्शियल प्लाय तुम्हाला माहीत आहे. कपाटं, दिवाण, टीव्ही युनिट बहुतेक त्याचंच असतं. त्याचा ग्रेड एम.आर., मानक आयएस (इंडियन स्टँडर्ड) ३०३. मरीन प्लायचा ग्रेड बी.डब्ल्यू.पी., म्हणजे बॉइलिंग वॉटर प्रूफ, मानक आयएस ७१०. दोन्ही ८ बाय ४ च्या शीटमध्ये मिळतात आणि वरून सनमायका बसला की सारखेच दिसतात. मरीन महाग पडतो, हे दुकानदार स्वतःहून सांगतो.

घोळ होतो तो 'मॉइश्चर' या शब्दापाशी. एम.आर. म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, आणि मॉइश्चर म्हणजे हवेतला दमटपणा. पाणी नव्हे. जुलैत साताऱ्यात कपडे वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास येतो, तेवढं एम.आर. सोसतो. सिंकच्या पाइपाच्या जोडातून महिनोन्महिने ठिबकणारं पाणी तो सोसत नाही. किचनची फरशी बादलीभर पाणी ओतून धुवायची आपली सवय तर त्याला अजिबात झेपत नाही.

यातलं कारण गोंदात आहे. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एक उभा एक आडवा, असे चिकटवलेले. एम.आर.मध्ये युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, तो भिजत राहिला की पकड सोडतो. ७१० मध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड असतो. दोघांच्या परीक्षाच बघा: एम.आर.चा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात ३ तास ठेवतात, मरीनचा तुकडा ७२ तास उकळतात. आयएस ७१० मध्ये लाकडाला कीडरोधक देणंही बंधनकारक आहे, वाळवीच्या घरात ते मोठंच काम.

हे कळलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. '७२ तास उकळून टिकतो, मग आता काळजीच नाही.' तसं नाही. ती परीक्षा गोंदाची आहे. लाकूड ते लाकूडच, उघडी कड मिळाली की पाणी पिणार. सांगलीत पाऊस तसा कमी, पण वर कोयना-कृष्णेच्या खोऱ्यात कोसळला की नदी आपल्या दारात येते. २०१९ मध्ये गावभागातल्या घरांत दिवसेंदिवस पाणी उभं होतं. अशा वस्तीत ओट्याखाली मरीनवरही पैसे घालू नका. जुन्या पद्धतीचे कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्याच बऱ्या. पूर ओसरला की धुऊन पुसून मोकळं.

बी.डब्ल्यू.आर., म्हणजे बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, हा मधला ग्रेड आहे, तो आयएस ३०३ मध्येच येतो. कोरड्या बाजूच्या खालच्या कपाटाला चालेल. पण 'सेमी मरीन' नावाचा कुठलाच ग्रेड मानकात नाही. हा शब्द ऐकला की मी दुकानातून उठते. नुसतं 'वॉटरप्रूफ' हासुद्धा ग्रेड नव्हे.

सगळं किचन मरीनचं करा, असं सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. माळा, वरची कपाटं, मसाल्याचे कप्पे एम.आर.मध्ये बिनधास्त करा. वाचलेले पैसे सिंकखाली आणि ओट्याखालच्या सांगाड्यात घाला.

खरेदीच्या वेळी शीटवरच छाप बघा: आयएसआयची खूण, आयएस ७१० आणि खाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. कडेला गडद तपकिरी रेघा दिसतात म्हणून मरीन, असं मानू नका, गोंदात रंग मिसळता येतो. शंका असेल तर कापलेला चार बोटांचा तुकडा जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळा. युरियाचा गोंद असेल तर थर हाताने सुटतात. बिलावर कंपनी, ग्रेड आणि जाडी लिहून घ्या.

आणि सिंकच्या पाइपासाठी मिस्त्री भोक पाडतील तेव्हा तिथे थांबा. सनमायका, एज बँड सगळं नीट लागलेलं असतं, आणि नेमकी त्या भोकाची कड उघडी राहते. पाइप बसवायच्या आधी तिथे प्रायमरचे दोन हात द्यायला लावा, वाळू द्या, मग कडेने सिलिकॉन भरा. आमची फळी त्या भोकापासूनच फुगायला लागली होती.